रायसेनची इफ्तारची तोफ आणि बाबांचे हात

रायसेनचा किल्ला बघायचं आमच्या घरात माझ्या जन्माच्याही आधीपासून ठरलेलं होतं. भोपाळहून तासा-सव्वातासाची वाट, पण राहिलं ते राहिलंच. कधी बाबांची शिफ्ट, कधी माझी परीक्षा, कधी आईच्या माहेरचं कुणी आलेलं. नववीत शाळा सोडून मी घराबाहेर पडलो. पुण्यात राहिलो, सुरतेत राहिलो, आता कच्छच्या एका बंदरावर माल उचलणाऱ्या गँगमध्ये आहे. एवढा फिरलो, आणि घरामागचा किल्ला बघितला नव्हता.

मार्चमध्ये सुट्टीवर आलो तेव्हा आई म्हणाली, "आता नाही गेलात तर कधीच नाही. त्यांना घेऊन जा."

बाबा महिनाअखेरीला रिटायर होणार होते. पिपलानीतलं टाउनशिपचं क्वार्टर सोडून अमरावतीला काकांच्या शेजारी दोन खोल्यांत राहायला जायचं होतं. अर्धं सामान बांधून झालं होतं. पण बाबांचा जीव अडकला होता तो सामानात नाही, सलीमचाचांमध्ये.

सलीमचाचा म्हणजे कारखान्यात बाबांच्याच शॉपमधले, म्हणजे विभागातले, क्रेन ऑपरेटर. ते वर क्रेनच्या केबिनमध्ये आणि बाबा खाली जमिनीवर माल बांधून सिग्नल देणारे. वीस-बावीस वर्षं दोघं असे. शॉपमध्ये मशीनचा आवाज इतका, की माणसाचं बोलणं पोचायचं नाही. सगळं हातांनी. बोट वर करून फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की सोड. एक हात दुसऱ्या हाताखाली धरला की हळू. दोन्ही हात पसरून जोरात हलवले की जिथे आहेस तिथे थांब, मग कुणी कितीही मोठा साहेब काही सांगो. वरच्याला सिग्नल कळला की त्याने हात वर करायचा. बस.

चाचा दोन वर्षांपूर्वी रिटायर होऊन आपल्या गावी, रायसेनला गेले. बाबांना तोवर बरंच कमी ऐकू यायला लागलं होतं. साकेत नगरच्या मोठ्या दवाखान्यात तपासून कानाचं यंत्रही आणलं, पण ते घातलं की डोक्यात भांडी पडल्यासारखी वाटतात म्हणून ते डबीत राहिलं. समोर बसून मोठ्याने बोललं तर भागतं. फोनवर मात्र काहीच नाही. मी आलो त्या दिवशी ते आईला म्हणाले, आणि ऐकू न येणाऱ्या माणसासारखे इतक्या मोठ्याने म्हणाले की शेजारच्या क्वार्टरमध्येही कळलं असेल: "इथे आहे तोवर महिन्यातून एकदा जाऊन भेटता तरी येतं. अमरावतीला गेलो की सलीम संपला माझ्यासाठी."

रमजान चालू होता. रायसेनच्या किल्ल्यावरून रमजानमध्ये सेहरीला आणि इफ्तारला तोफ डागतात, नवाबांच्या काळापासून, आणि सध्या ते काम करणाऱ्या मंडळींमध्ये सलीमचाचा आहेत. दर वर्षी त्यांचं बोलावणं असायचं आणि दर वर्षी बाबांची शिफ्ट निघायची. म्हणून ठरवलं: किल्ला बघायचा, तोफ बघायची आणि चाचांचा नीट निरोप घ्यायचा.

दुपारी बाबांची जुनी स्कूटर काढली. आईने गुळाच्या पोळ्यांचा डबा माझ्या हातात दिला. "सलीमभाईंच्याच हातात दे. ह्यांच्याकडे देऊ नको, वाटेत संपेल."

तुम्ही जाणार असाल तर रस्ता सोपा आहे. पिपलानीतून आनंद नगर, तिथून सरळ रायसेन रोड. बिलखिरिया गेलं की गर्दी संपते. पेट्रोल भोपाळमध्येच भरून घ्या. मार्चमध्ये गेलात तर दोन्ही बाजूंना कापलेला गहू आणि मध्येच पेटलेला पळस. ऊन मात्र चांगलंच लागतं, पाणी जास्त ठेवा. बिलखिरियाच्या पुढे एका टपरीवर कचोरी खाल्ली, आत मूगडाळ, वर आंबटगोड चटणी. मी दोन खाल्ल्या. बाबा म्हणाले, "तू खा, मला नको." चहाही नको म्हणाले. मला वाटलं, निरोपाला निघालेत, मन नसेल.

रायसेन यायच्या बरंच आधी किल्ला दिसायला लागतो. सपाट माथ्याची टेकडी आणि तिच्या कडेने तटाची काळी रेघ. पायथ्याशी स्कूटर लावली. तिकीट काही लागलं नाही. चढ दगडी, पायऱ्या झिजलेल्या, चप्पल घालून जाऊ नका. हा किल्ला लढाईचा आहे हे चढतानाच कळतं. वाट सरळ जातच नाही, दर वळणावर वरून कुणीतरी तुमच्या डोक्यावर दगड टाकू शकेल अशी. दिल्लीच्या एका बादशहाने महिनोन्‌महिने इथे वेढा घातला होता म्हणतात. भिंत फुटेना, तेव्हा तांब्याची नाणी आणि भांडी वितळवून जागेवरच तोफा ओतल्या. शेवटी किल्ला पडला तो तोफांनी नाही, शपथेने. सुखरूप जाऊ देतो असं वचन देऊन आतल्यांना बाहेर काढलं आणि मग कापलं. आतल्या बायकांचं काय झालं ते इथे लिहवत नाही. एवढं ऐकून वर गेलं की रिकाम्या महालांत आपण आपोआप हळू बोलतो.

पण बाबा वर पोचलेच नाहीत. पहिला मोठा दरवाजा आला आणि ते भिंतीला धरून खालीच बसले. चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा, पाणी घ्या."

"नको."

"अहो, चक्कर येतेय तुम्हाला. सकाळपासून काय खाल्लंत?"

"पहाटे चहा-पोळी खाल्ली की. फर्स्ट शिफ्टसारखी."

"आणि त्यानंतर?"

बाबा दरवाज्याकडे बघत म्हणाले, "सलीम भर मे महिन्यात शॉपमध्ये रोजे ठेवायचा. वर त्या केबिनमध्ये, पत्र्याखाली. मी खाली बसून डबा खायचो. माझा एक दिवस तरी त्याच्या बरोबरीने होऊ दे."

माझ्या पोटात दोन कचोऱ्या होत्या. तिथल्या चौकीदाराने बाबांना दरवाज्याच्या सावलीत बसवलं, ओला रुमाल डोक्यावर ठेवला. मला म्हणाला, "अंधेरा होने के बाद ऊपर रुकना मना है। कहाँ जाना है?" सलीमभाईंकडे म्हटल्यावर त्याचा सूर बदलला. "अच्छा, तोप वाले सलीम भाई! तुम जाओ, बाबूजी को मैं देखता हूँ।" त्या माणसाचं नावही मी विचारलं नाही. त्याचे उपकार आहेत.

बाबांनी हाताने ढकललं मला. "जा. त्याला सांग, मी आलो होतो."

"आलो होतो" म्हणाले. बारा गावचं पाणी प्यायलेला मी, पण ते दोन शब्द ऐकून वळणापर्यंत मागे बघत चढलो.

वरचं थोडक्यात सांगतो. माथा खूप मोठा आहे, सगळं बघायला अर्धा दिवस ठेवा. पावसाचं पाणी वळवून टाक्यांत साठवायची सोय अशी की आमच्या टाउनशिपच्या पाणीवाल्यांना दाखवावी. महादेवाचं देऊळ कुलपात असतं, शिवरात्रीलाच उघडतं. लोक दाराच्या जाळीला धागे बांधून नवस करतात. जवळच दर्गा आहे. आणि इत्रदान महाल चुकवू नका. एका भिंतीच्या कोनाड्यात तोंड घालून पुटपुटलं की समोरच्या भिंतीतल्या कोनाड्यात स्पष्ट ऐकू येतं. विदिशाचं एक जोडपं तिथे खेळत होतं. नवऱ्याने इकडून कुजबुजून विचारलं, "रात को खाने में क्या है?" तिकडून बायको म्हणाली, "जो तुम बनाओगे!" मी तिच्या कोनाड्यापाशी उभा राहून हसलो, आणि लगेच बाबा आठवले. पाचशे वर्षांची भिंत कुजबुज पोचवते आणि आमच्या फोनला एक हाक पोचवता येत नाही.

सलीमचाचा तटाच्या कडेला तोफेजवळ होते. तोफ मला वाटली होती त्यापेक्षा लहान, दोन चाकांवर. त्यांचा भाचा इमरान, दाढीवाला, धिप्पाड गडी, दारू ठासत होता. खाली सगळं रायसेन पसरलेलं. तिथल्या मशिदीच्या मिनारावर लाल दिवा लागला की चाचांनी हात वर करायचा आणि इमरानने बत्ती द्यायची, अशी पद्धत. गाव ह्या आवाजावर रोजा सोडतं.

चाचांनी मला बघितलं आणि माझ्या मागे बघितलं. "तुम्हारे बाबा?"

"खाली दरवाज्यात बसलेत, चाचा. चढवलं नाही. रोजा ठेवलाय त्यांनी."

"क्या रखा है?"

"रोजा."

चाचा तटावरून इतके वाकले की मी त्यांचा शर्ट धरला. खाली वळणावर दरवाजा दिसत होता, त्याच्या उंबऱ्यात बाबा, अंगठ्याएवढे. चाचांनी हात वर केला. बाबा उठून उभे राहिले. आणि माझ्या लक्षात आलं की दोघं आपापल्या जागी आलेत. एक वर, एक खाली.

मग सुरू झालं. बाबांनी पोटावर दोन्ही हात लांब धरून दाखवले. चाचा म्हणाले, "कहता है, मोटा हो गया हूँ। खुद को देखा है?" आणि त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवून बाबांचं टक्कल दाखवलं. बाबांनी हाताखाली हात धरला. हळू. "कहता है, बुढ़ापा है, आराम से उतरना।" चाचा हसत होते आणि डोळे पुसत होते. सूर्य टेकला होता. इमरान काकडा पेटवून तयार. "मामू, इधर ध्यान दो, मीनार देखो!"

"देख रहा हूँ, देख रहा हूँ."

पण ते बाबांकडेच बघत होते. बाबांनी विचारायचं म्हणून बोट वर करून फिरवलं. नंतर कळलं, त्यांना एवढंच म्हणायचं होतं: मी येऊ का वर? चाचांच्या अंगात वीस वर्षांची सवय. सिग्नल मिळाला, की हात वर. त्यांचा हात गेला वर.

इमरानने हात बघितला आणि काकडा खाली नेला.

मिनारावर दिवा नव्हता. मला ओरडायचं सुचलंच नाही. खाली बाबांनी मात्र ज्योत हललेली बघितली असणार, कारण त्यांनी दोन्ही हात पसरले आणि सगळं अंग हलेल असे जोरात हलवले. त्याच क्षणी चाचा ओरडले, "रुक!" तसं ओरडणं मी आमच्या बंदरावरही ऐकलेलं नाही. काकडा वातीपासून वीतभर अंतरावर थांबला.

सबंध गावाचा दिवसभराचा रोजा वेळेआधी सुटला असता, आणि तोही चाचांच्या हाताने. चाचा मटकन खाली बसले. इमरानने काकडा लांब धरला. "मामू, अल्लाह के वास्ते! ये हाथ-वाथ मेरी तोप के पास नहीं। इतना ही शौक है तो वीडियो कॉल पे हिलाओ!"

तेवढ्यात मिनारावर लाल दिवा लागला. या वेळी चाचांनी नीट बघून हात वर केला.

आवाज छातीत बसतो. धुराचा लोट तटावरून खाली गेला, पाखरं उठली आणि एकेका घरात दिवे लागत गेले. ज्या टेकडीवर माणसं उपाशी मारायला वेढा घातला, तिथून आता रोज संध्याकाळी सांगतात, पाणी प्या.

चाचांनी खजूर तोंडात न टाकता मुठीत धरले आणि पायऱ्या उतरायला लागले, मी मागून "हळू चाचा, हळू" करत. दरवाज्यात पोचल्यावर आधी बाबांच्या तोंडात खजूर घातला, मग आपल्या. मग खास भोपाळी बोलीत शिव्या दिल्या.

"को खां, मरना था क्या? किसने कहा था तुझसे?"

"तूने कब किसी से पूछा था?"

चाचांनी पाण्याची बाटली बाबांच्या तोंडाला लावली. बाबा पाणी पिऊन म्हणाले, "तोप इतनीसी बजती है?"

"इतनीसी! पचास गाँव सुनते हैं!"

"तो मैं इक्यावनवाँ हूँ।"

तिथेच उंबऱ्यात बसून आईच्या पोळ्या खाल्ल्या. चौकीदारालाही दिली. मग चाचांच्या घरी जेवायला लागलंच.

महिनाअखेरीला क्वार्टरची चावी दिली. अमरावतीला सामान लावून मी बंदरावर परत निघायच्या आदल्या दिवशी इमरानचं बोलणं आठवलं. त्याने ते चिडून म्हटलं होतं, पण आम्हा शहाण्यांना कुणाला दोन वर्षांत सुचलं नव्हतं. माझ्या मोबाइलवरून त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन गव्हाच्या डब्याला टेकवून बाबांसमोर ठेवला.

इमरानने फोन चाचांच्या हातात दिला. पडद्यावर फक्त चाचांची दाढी आणि मागे पंखा. तिकडून चाचा "हैलो, हैलो" ओरडत होते, ते बाबांना ऐकू येत नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं, तर बाबांनी मला गप्प बसवलं. खुर्ची पुढे ओढली, बोट वर केलं आणि फिरवलं. दाढी थांबली. मग फोन हळूहळू वर जायला लागला. ओठ आले, नाक आलं, चष्मा आला. बाबांनी तळहात आडवा धरून थांबवलं.

सगळा चेहरा बरोबर मधोमध आला होता. चाचांनी हात वर केला.