जपानी अक्षरांची वही

मी पदवीधर झालो तो बोरगावच्या आप्पा मास्तरांमुळे. आमच्या घरात शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं. जपानातल्या बुद्धमंदिरांवर प्रबंध लिहायला धीरही त्यांनीच दिला. "जपानच का, हे मात्र तुझं तू शोध," एवढंच म्हणाले. मला ते काही सापडत नव्हतं.

तेव्हा जपानशी लढाई चालू होती. निपाणीच्या मोटारथांब्यावर एका हवालदाराने माझी पिशवी उघडली. बोट थुंकीने ओलं करून तो वहीची पानं उलटू लागला. दोन वर्षांची टिपणं त्या एकाच वहीत होती.

"ही कुठली लिपी रं?"

"जपानी," मी खरं तेच सांगितलं. "तिकडच्या बुद्धाच्या देवळांवर लिवतोय, साहेब."

"बुद्ध आपल्याकडचा न्हवं?"

"व्हय. इकडनंच गेला तिकडं."

त्याने बोट विजारीला पुसलं. पुढची पानं कोरड्या हाताने उलटली आणि वही कपाळाला लावून मला परत दिली.

"लेक सासरी गेली म्हणून तिची खबर घ्यायचं सोडतोय व्हय आपण? जा, गाडी सुटंल."

त्याचं नाव विचारायचं राहिलं. बेळगावला उतरताच मी पत्र टाकलं:

"तीर्थरूप आप्पा, शिरसाष्टांग नमस्कार. वही शाबूत आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर निपाणीत मिळालं."