मावशीच्या अर्जातला जुना जिल्हा

अन्याय झाला तो माझ्या मोठ्या मावशीवर. गेल्या दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, दुपारी सव्वाबारा वाजता, पांढुर्ण्यात, आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर. करणारी मी. पत्रकाची सुरुवात अशीच करायची असं मी शिकले आहे: कोणावर, कधी, कुठे, कोणी केला. आजवर त्या शेवटच्या जागी मी कायम दुसऱ्या कोणाला तरी उभं केलं.

आमचा पाच-सात पोरापोरींचा गट आहे. रेशनचं दुकान वेळेवर उघडत नाही, बसस्टँडवर बायकांना आडोसा नाही, असल्या गोष्टींवर आम्ही पत्रकं काढतो आणि हातोहात वाटतो. मग सगळेच अर्ज ऑनलाइन झाले. फॉर्म भरून देणारे दुकानदार बायकांचे पासवर्ड स्वतःच्या वहीत उतरवून ठेवू लागले, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी एक पत्रक लिहिलं: ‘कॉम्प्युटर घरचा, सावधगिरीही घरची’. दुसऱ्याच्या मशीनवर पासवर्ड सेव्ह करू नका. काम झालं की लॉग आउट करा, नुसती खिडकी बंद करून उठू नका. अक्षर दिसत नसेल तर कंट्रोल आणि अधिकचं बटण एकदम दाबा, पान मोठं होतं, त्यासाठी कोणाचे उपकार नकोत. आणि शेवटी, जाड अक्षरात: अनोळखी मेसेजमधली लिंक उघडू नका, मेसेज ताबडतोब पुसून टाका.

विहारातल्या रविवारच्या सभेनंतर ते वाटलं, तिगावच्या बाजारात वाटलं. मोहगावला मावशीच्या वस्तीत मी स्वतः गेले. मावशीनं ते पत्रक चुलीच्या वरच्या भिंतीला चिकटवलं. तिला वाचायला वेळ नव्हता, पण भाचीनं लिहिलेलं आहे हे आल्यागेल्याला दाखवायला ती कधी विसरली नाही.

मावशी हंगामात संत्री निवडते. लहान-मोठी वेगळी करायची, डागी बाजूला टाकायची, दिवसभर गार फरशीवर बसून. हंगाम संपला की काम संपलं. पण तिचा खरा हात स्वयंपाकाचा. वस्तीतलं कुठलंही लग्न असो, शंभर माणसांची भाजी ती मीठ न चाखता उतरवते. म्हणून मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकिणीची जागा निघाली तेव्हा मीच तिला फोन केला. उमेदवार आपल्याच जिल्ह्याची रहिवासी हवी, वय पंचेचाळीसच्या आत हवं. मावशीला पंचेचाळीस पूर्ण व्हायला तीन महिने उरले होते. एवढी एकच संधी होती, आणि हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

सोमवारी ती पहिल्या बसनं आली. पिशवीत कागद, आणि कागदांवर आमच्यासाठी संत्री. खुर्चीवर बसेना. म्हणाली, “मी खालीच बसतो, तू भर.” ओढून शेजारी बसवली. मी फॉर्म उघडला, पहिल्या रकान्यात एक अक्षर टाकलं आणि ब्राउझरनं दाखवलेल्या ओळीवर क्लिक केलं. एका दमात सगळे रकाने भरले.

“काय वं, हे आपल्या मनानंच लिहून राहिली?”

“माझा पत्ता पाठ हाय तिले. आता फक्त तुझं नाव आन् गाव बदलवतो.”

“शाळेत तुले एक कविता पाठ होत नव्हती. मंग मशीनले कराले लावलं काय?”

आई आतून हसली. मीही हसले. नाव बदललं, मोहगाव टाकलं, तहसील सौंसर केली, पिनकोड टाकला. खालच्या रकान्यांकडे पाहिलंच नाही.

मोबाइल नंबरही माझाच राहिला. तो मात्र चुकून नाही, रीतीनं. आमच्याकडे ज्या घरात कॉम्प्युटर, त्या घरचा नंबर फॉर्मवर. बायका स्वतःचा देतच नाहीत. मावशी म्हणाली, “तुझाच राहू दे बाई. माया फोन तं संत्र्याच्या क्रेटमंधी पडला राह्यते. घंटी आयकू येते काय तिथं?” मी म्हटलं, बरं. माझ्या नंबरावर तेव्हा वस्तीतल्या किती बायकांचे अर्ज होते, हे मलाही सांगता आलं नसतं. मला त्याचा अभिमान वाटायचा. लोक विश्वास ठेवतात, असं मी सभेत सांगायची.

शेवटी पान विचारत होतं: भरलेली माहिती एकदा तपासायची का? मावशीच्या बसची वेळ झाली होती. मी ‘सबमिट’ दाबलं.

दहाएक दिवसांनी माझ्या फोनवर हिंदीत मेसेज आला. आपके आवेदन में त्रुटि है, सात दिन में सुधार करें. खाली लिंक. कोणाचा अर्ज, कसला अर्ज, काही नाही. असले मेसेज मी पत्रकात छापून दाखवले होते: बघा, घाई करायला लावतात, नाव सांगत नाहीत, लिंक देतात. मी तो पुसला. वर गटातल्या पोरांना म्हटलं, “पाहा, असा ओळखायचा फसवा मेसेज.”

मावशीचे फोन येत राहिले. “बोलावणं आलं काय वं?” पहिल्यांदा नीट सांगितलं. तिसऱ्यांदा मी चिडले. “मावशी, सरकारी काम हाय. लागते टाइम. तू सारखी इचारून राहिली तं ते लवकर येणार हाय काय?” ती म्हणाली, “नाई बाई, सहजच इचारलं.” नंतर तिनं विचारलं नाही. आता वाटतं, चौथ्यांदाही विचारलं असतं तर कदाचित मी साइट उघडून बघितली असती. कदाचित. तिला गप्प कोणी केलं हे मला माहीत आहे.

यादी लागली. मावशी अपात्रांमध्ये. कारणाच्या रकान्यात, आमच्याकडच्या सरकारी हिंदीत, दोनच शब्द: अन्य जिला.

मी पेटले. मोहगावची बाई, चार पिढ्या मोहगावात, आणि परजिल्ह्यातली? रात्रीतून पत्रक लिहिलं, सकाळी झेरॉक्स काढल्या, थैलीत गठ्ठा घातला आणि मावशीला घेऊन ऑफिसात गेले. व्हरांड्यातल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. टेबलामागचा बाबू म्हातारा होता, रागावला नाही. त्यानं अर्ज उघडला आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवली.

“ताई, हे आम्ही नाही लिहिलं.”

गाव मोहगाव. तहसील सौंसर. जिला छिंदवाड़ा.

छिंदवाड्यातून फुटून पांढुर्णा वेगळा जिल्हा होऊन दोन वर्षं झाली, मोहगाव आता त्यातच. जिल्हा झाला तेव्हा चौकात नाचणाऱ्यांत मीही होते. पण माझ्या ब्राउझरला ते कोणी सांगितलं नव्हतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी सेव्ह केलेला पत्ता त्यानं इमानदारीनं सांभाळून ठेवला होता, आणि मी तो मावशीच्या गळ्यात बांधला.

“दुरुस्तीसाठी मेसेजही गेला होता,” बाबू म्हणाला आणि नंबर वाचू लागला. चौथ्या आकड्याला मावशीनं माझ्याकडे पाहिलं. तिला लिहिता-वाचता फार येत नाही, पण माझा नंबर तिला तोंडपाठ आहे.

“आता काही नाही होऊ शकत काय, साहेब?” तिनं विचारलं.

“मुदत गेली, बाई.”

बाहेर आल्यावर मी काहीतरी बोलायला लागले. ती म्हणाली, “जाऊ दे. तू काही जाणूनबुजून केलं काय?” मग थैलीकडे बोट दाखवलं. “हे कागद पाठकोरे हाय ना? दे मले. क्रेटमंधी संत्र्याखाली टाकाले होतील.” मी दिले. त्यावर वर मोठ्या अक्षरात छापलं होतं: जबाबदार कोण?

नंतर बरंच शोधलं, सगळं पाच मिनिटांत कळलं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सेव्ह केलेले पत्ते दिसतात, जुना पुसता येतो. एका कॉम्प्युटरवर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल करता येतं. पाहुण्याचा अर्ज पाहुण्यासाठीच्या खिडकीत भरला तर आपला पत्ता त्यात घुसत नाही. आणि मेसेजमधली लिंक उघडायची नाही हे खरंच, पण तेवढ्यावर थांबायचं नसतं. साइटचा पत्ता आपण स्वतः टाकायचा, आत जाऊन अर्जाची स्थिती बघायची. माझ्या पत्रकात पहिला अर्धा भाग होता. दुसरा अर्धा मी लिहिला नाही, कारण भीती घालणं सोपं होतं आणि लोक मान डोलवत होते.

फेब्रुवारीत मावशीला पंचेचाळीस पूर्ण झाली. ती संत्री निवडते आहे. मागच्या आठवड्यात मोहगावची एक बाई दारात उभी राहिली, हातात कागदांची पिशवी. म्हणाली, “तुमच्या मावशीनं धाडलं. म्हणे, मायी भाची भरून देते, पक्की हाय ते.” मला शिव्या चालल्या असत्या. तिला आत घेतलं, तिचाच नंबर टाकला, सगळा अर्ज मोठ्यानं वाचून दाखवला. ओळीओळीला “हो” म्हणवून घेतलं. पाऊण तास लागला. मावशीसाठी हा पाऊण तास माझ्याकडे नव्हता.

आता तुम्ही. तुमच्या घरी कॉम्प्युटर आहे, तुम्हीही कोणाकोणाचे अर्ज भरून दिले आहेत, आणि त्यांवर तुमचाच नंबर आहे. हे वाचून मान डोलवू नका. उठा, कॉम्प्युटर लावा, सेव्ह केलेला पत्ता उघडा आणि जिल्हा वाचा. मग ज्यांचे अर्ज भरलेत त्यांची स्थिती एकेक करून बघा, आणि ज्या बाईनं तुम्हाला विचारायचं सोडून दिलं आहे, तिला आजच फोन करा.