शिसवीच्या पाचरी

माझ्या तोंडानं माझं जेवढं वाटोळं केलं तेवढं रानडुकरांनीही केलं नाही, आणि कुंभारवाड्याकडच्या आमच्या रानात डुकरं काही थोडी नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मी त्या गार्डाला शिव्या घालायला लागलो की वाचणाऱ्यानं त्यातला माझा वाटा बाजूला काढावा. मात्र लहानच काढावा. मोठा वाटा गार्डाचा आहे, आणि इतकी वर्षं झाली तरी तो कमी करायची माझी तयारी नाही.

गोष्ट पाचरीची. पाचर म्हणजे लाकडाचा वीतभर तुकडा, एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला निमुळता. बस, एवढंच. पण आमच्या घरात हा एक शब्द दिवसभर राबायचा. कुऱ्हाडीचा दांडा हलला, पाचर. जात्याचा खुंटा डगमगला, पाचर. ओंडका फोडायचा तरी पाचर, आणि निखळलेली चौकट धरून ठेवायची तरी पाचरच. जत्रेत देवाचा रथ उतारावर सुटायला लागला की चाकाखाली जे लाकूड सारतात ते माणसाच्या मांडीएवढं असतं, पण आमच्या लेखी तीही पाचर. नवराबायकोच्या मधे झोपणारं पोर म्हणजे पाचर. कुणी ठरलेलं लग्न मोडलं तर त्यानं पाचर मारली. पंगतीत जागा नसताना मी दोघांच्या मधे घुसायचो, तेव्हा माझा थोरला चुलता, आमचा आप्पा, पानावरून मान वर न करता म्हणायचा, "आली पाचर. सरका."

माझ्या बापानं मरायच्या आधी पाचरींची एक जुडी करून ठेवली होती. आज्याची गाडी मोडली तेव्हा चाकातलं शिसवीचं लाकूड त्यानं टाकू दिलं नाही. त्याच्या पाचरी तासल्या आणि चुलीवरच्या फळीवर, धुरात ठेवल्या. वर्षानुवर्षं धूर खाऊन त्या अशा झाल्या होत्या की एकीवर दुसरी आपटली की लोखंडासारखी वाजायची. "चिखलात वाळलेलीच पाचर घालायची," बा म्हणायचा. "पाणी पिऊन फुगती आन् धरून बसती."

त्या वर्षी आमच्या खाचरांच्या चिखलणीची पाळी ठरली. आमच्या वाडीत इर्जिक असायची. सगळ्यांचे नांगर एका दिवशी एकाच्या शेतात, मग दुसऱ्याच्या. ज्याचं शेत त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. आणि ज्याचं शेत त्याचाच नांगर पुढं चालायचा, बाकीचे त्याच्या मागून. दिवस मावळला की रेडे सोडायचे, मग काम राहिलं असलं तरी. राहिलेलं त्याचं त्यानं बघायचं. माझ्याकडे रेड्यांची एकच जोडी. त्या एका दिवसात खाचरं झाली नाहीत तर लावणी मागं पडणार आणि वर्षाचं भात जाणार, हे मला पक्कं माहीत होतं.

म्हणून मी शहाण्यासारखा चार दिवस आधीच नांगराचं खोड मेस्ताकडे, म्हणजे आमच्या सुताराकडे नेलं. इसाड, म्हणजे रेड्यांकडे जाणारा लांब दांडा, ज्या भोकात बसतो ते भोक झिजलं होतं. त्यानं ते नीट करून दिलं आणि त्या मापाची पाचर निवडून परत जुडीत खोचून दिली. ती निवडायला म्हणून मी सगळी जुडी बरोबर नेली होती. एक नेली असती तर चाललं असतं. पण बाच्या पाचरी मेस्ताला दाखवायची हौस.

येताना दिग्गीच्या फाट्यावर जंगलखात्याचा गार्ड भेटला. नवा होता, वरच्या देशाकडचा, कानडी बोलणारा. त्यानं आधी खोड बघितलं. त्यावर सरकारी हातोड्याचा छाप होता, त्यामुळं ते सुटलं. मग त्याचं लक्ष जुडीकडे गेलं.

"हे काय?"

इथं कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, जळण. वाळलेलं जळण डोक्यावरून न्यायला कुणाची आडकाठी नव्हती. आमच्या बायका रोज त्याच्या नाकासमोरून नेत होत्या. पण मला कानडी चांगली येते याचा मला भारी गर्व, आणि नवा माणूस दिसला की त्याला शिकवायची खाज.

"बेणे," मी त्याच्या भाषेत म्हणालो. "आम्ही पाचर म्हणतो."

"कशाला लागते?"

झालं. मी खोड खाली ठेवलं आणि सुरू झालो. कुऱ्हाड सांगितली, जातं सांगितलं. चौकट, नांगर, बाजेचा पाय, ओंडका कसा फोडतात, रथ कसा थांबवतात, सगळं हातवारे करून सांगितलं. मधे झोपणारं पोरसुद्धा सांगितलं, आणि तो हसला म्हणून मला आणखी चेव आला. हिच्याशिवाय आमचं घर उभं राहत नाही, असंही वर म्हणालो.

तो शांतपणे ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "ज्याला एवढे उपयोग, ते जळण नव्हे. तो माल झाला. लाकूड शिसवीचं आहे. छाप कुठाय?"

"पाचरीवर छाप? तुमचा हातोडा तिच्यापेक्षा मोठा हाय."

"म्हणजे छाप नाही."

"अण्णा, हे माझ्या आज्याच्या गाडीचं लाकूड. तुझी नोकरी नव्हती तवाचं."

माझं बोलणं तिथंच संपायला हवं होतं. पण मी पुढं म्हणालो, तुम्ही आमची कुमरीची फिरती शेती बंद केली, डोंगरावर आमचे आजे नाचणी पेरायचे तिथं आता तुमचे साग उभे आहेत, आता चुलीवरची फळीही मोजणार काय. त्यानं जुडी उचलली. "मी रागावलो म्हणून नव्हे, माल आहे म्हणून," असंही त्यानं मला सांगितलं. त्याच्या त्या शांतपणाची चीड मला आजही येते. ओरडला असता तर बरं झालं असतं.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "जळण हाय म्हणून का न्हाई सांगितलं?"

"कारण ते जळण नव्हतं."

"मग आता काय हाय ते?"

मी कोयता घेतला आणि रागारागात घरामागच्या किंदळाच्या झाडाच्या फांदीची पाचर तासली. ओली. बा काय म्हणायचा ते मला पाठ होतं, पण वाळलेली एक फांदी दारात पडली होती ती मी त्याच दिवशी सकाळी चुलीत घातली होती. असा मी.

इर्जिकीच्या दिवशी माझा नांगर पुढं लागला, मागं आप्पा, त्याच्या मागं बाकीचे. पहिलं खाचर झालं. दुसऱ्यात पाचर चेपली. ओल्या लाकडात फुगायला काही उरलंच नव्हतं, ते शेवग्याच्या शेंगेसारखं पिचलं. इसाड भोकात खेळायला लागली, फाळ वर आला आणि नांगर चिखलावरून नुसता घसरत चालला. रेडे थांबले. मी थांबलो म्हणून मागचे सगळे थांबले.

आप्पानं पुढं येऊन भोकात बोट घातलं. "तुझ्या बाच्या पाचरी कुठं हायत?"

"गार्डाकडं."

"त्यानं मागितल्या?"

"न्हाई. मीच त्याला सांगितलं कशाला लागत्यात."

मागून कुणीतरी म्हणालं, "रथाचं पण सांगितलास काय रे?" आणि सगळं खाचर हसलं. मीही हसलो असतो, पण माझी बाकीची खाचरं तशीच पडली होती आणि सूर्य वर चढत होता. मी बांधावरून घराकडे पळालो. कुऱ्हाडीची पाचर काढायला गेलो तर बायकोनं हात धरला. "पंगतीचं लाकूड फोडायचं हाय अजून. पातं उडून कुणाच्या डोक्यात बसलं म्हंजे?" मग तिनंच जात्याचा खुंटा हलवला, त्यातली काळी पाचर बत्त्यानं ठोकून बाहेर काढली आणि माझ्या हातात दिली. "उद्या परत पायजे," म्हणाली. "उखळात कांडून मी तुला भाकरी घालणार न्हाई."

ती पाचर बसली. चिखलाचं पाणी पिऊन अशी धरली की नांगर गपगुमान चालला. पण मधे गेलेला वेळ गेलाच. दिवस मावळला तेव्हा ओढ्याकडचं शेवटचं खाचर राहिलं होतं. आप्पानं रेडे सोडले. रीत ती रीत. पंगतीत सगळे पोटभर जेवले आणि प्रत्येकानं उठताना मला पाचरीचा एकेक नवा उपयोग सांगितला. ते इथं लिहिण्याजोगे नाहीत.

दुसऱ्या दिवशी बायकोनं नांगराची पाचर काढून जात्यात बसवली. ओढ्याकडचं खाचर पडून होतं. मी गार्डाच्या चौकीवर गेलो.

तो बाहेरच्या बाजेवर बसला होता. बाजेचा एक पाय आखूड होता, त्याच्याखाली माझ्या बाची पाचर. चौकीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून उंबऱ्याशी दुसरी. त्याच्या कुऱ्हाडीचा दांडाही नव्यानं घट्ट झालेला दिसला. मी जे जे सांगितलं होतं ते त्यानं नीट ध्यानात ठेवलं होतं. उरलेल्या चुलीशेजारी पडल्या होत्या आणि एक चुलीत होती, बाहेरचं टोक काळं, आतलं लाल.

बाजेखालची पाचर ओढून त्याला खाली पाडावं असं मनात आलं, आणि ते केलं नाही याची हळहळ मला अजून वाटते.

"काय पाहिजे?" तो म्हणाला.

"एक लाकूड."

"कशाला?"

शिकवायला तोंड उघडलंच होतं. मिटलं.

"जळणाला," मी म्हणालो.

"जळणाला होय. मग ते घे." त्यानं चुलीतल्या पाचरीकडे बोट केलं. शेजारच्या चांगल्या होत्या, त्या माल होत्या.

ती ओढून मी मातीत विझवली आणि पंच्यात गुंडाळून आणली. जळकं टोक कोयत्यानं उडवलं, उरलेली नांगराच्या भोकात ठोकली. आखूड झाली होती, पण बाच्या धुरावर गार्डाचा जाळ खाऊन इतकी वाळली होती की चिखलात शिरताच गच्च बसली. संध्याकाळपर्यंत ओढ्याकडचं खाचर मी एकट्यानं काढलं. तास, म्हणजे नांगराची ओळ, संपेपर्यंत मी गार्डाला शिव्या देत होतो, आणि वळताना एक स्वतःला. वळणं थोडी असतात, तास लांब.