टाऊन हॉलचा भुजंग

बोरीचा भुजंग मेंढरं राखणाऱ्या घरातला. निजामाच्या अमलात तालुक्याच्या गावी टाऊन हॉल होता, तिथं तो विशीतच पंखा ओढायला लागला. आत छताला लांबलचक कापडी पंखा टांगलेला. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून ओसरीवर यायची. आत साहेबलोकांच्या मेजवान्या आणि मुशायरे चालायचे, भुजंग बाहेर बसून दोरी ओढायचा. एकोणीस वर्षांत त्याला आत जायची इजाजत कधी मिळाली नाही.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. मेजवान्या बंद पडल्या, हॉलात रेशनच्या ज्वारीची पोती लागली. भुजंग पुन्हा मेंढरांमागं गेला.

बावन्नच्या निवडणुकीत पोती हलवून तिथं मतदान ठेवलं. बायको मनकर्णाबाईला घेऊन भुजंग मोठ्या दरवाजातून आत गेला आणि बघतच राहिला.

"काय बघायलाव?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"येवढाच व्हता का गं हाल? मला वाटायचं, लय मोठा आसंल."

मतदान झालं आणि हॉलाला कुलूप लागलं. गावात मुलींची शाळा नुकतीच निघाली होती, पण तिला जागा नव्हती. मास्तरीण कोकिळाबाई लिंबाखाली पंचवीस पोरी घेऊन बसायच्या. ऊन सरकलं की वर्गही सरकायचा. बाजाराला आलेल्या भुजंगानं ते पाहिलं आणि तो थेट तहसीलदार दिनकररावांपुढं जाऊन उभा राहिला.

"सायब, हाल रिकामा हाय, आन् पोरी उन्हात बसायल्यात."

"अरे, पावसाळ्यात गळतो तो."

"कुठं गळतो ते मला ठावं हाय. एकोणीस पावसाळे गच्चीवर चढून भेगा म्याच बुजवल्यात."

दिनकररावांनी किल्ली दिली. गावानं चुना-वाळू पुरवली, आणि नवरा-बायकोनं भर वैशाखात गच्ची कुटून काढली. जूनमध्ये शाळा आत गेली.

भुजंग तिथंच शिपाई झाला. सवयीनं तो ओसरीवरच बसायचा.

"मामा, बाहेर काहून बसलाव? आत या की," कोकिळाबाई एक दिवस म्हणाल्या.

तो शेवटच्या पोरीशेजारी जाऊन बसला. चाळिशी ओलांडल्यावर त्यानं पाटीवर पहिला 'क' काढला. 'क'चं पोट उलट्या बाजूला गेलं. पोरी हसल्या, तोही हसला.

साठ साली शाळेला स्वतःची इमारत मिळाली आणि हॉलात वाचनालय आलं. ते भुजंगाच्याच हाती दिलं. बाजाराच्या दिवशी बोरीची माणसं जमायची आणि तो वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचा. एखादं जोडाक्षर अडलं की म्हणायचा, "थांबा, शाळंत जाऊन बाईला इचारून येतो."

माणसं थांबायची.