मास्तरांची गाळलेली ओळ

मास्तरांनी पुन्हा तीच ओळ गाळली. मी फाइलमध्ये चौथी फुली मारली आणि म्हणाले, "मास्तर, परत सुरुवातीपासून."

मी स्पीच थेरपिस्ट. खामगावला छोटं क्लिनिक आहे, आणि आठवड्यातून तीन दिवस नांदुऱ्याला पेशंटच्या घरी जाते. शमुवेल मास्तर शाळेतून रिटायर झालेले. स्ट्रोकमध्ये त्यांचा उजवा हात गेला आणि वाचाही गेली. याला आम्ही अफेजिया म्हणतो. माणसाला सगळं कळतं, काय बोलायचं तेही डोक्यात असतं, पण शब्द जिभेवर येत नाहीत. पाणी मागायचं तर मास्तरांना घाम फुटायचा.

अशा पेशंटकडे एक मागचं दार असतं. वर्षानुवर्षं घोकलेलं, म्हणजे आकडे, वारांची नावं, आरत्या, पुष्कळदा अख्खंच्या अख्खं बाहेर येतं. त्याला म्हणतात ऑटोमॅटिक स्पीच. जीभ सवयीने चालते. मास्तर ख्रिस्ती, म्हणून मी त्यांची रोजची प्रभूची प्रार्थना निवडली. मला ती येत नव्हती. त्यांच्या बायकोने, रूथबाईंनी, वहीच्या पानावर लिहून दिली. पहिल्याच दिवशी मास्तर घडाघडा बोलले. रूथबाई रडल्या. मी जरा शेफारलेच.

फक्त एक ओळ येईना. रोजची भाकर मागून झाली की तिचा नंबर. आम्ही जशी आमच्या अपराध्यांना क्षमा करतो तशी देवाने आम्हाला करावी, असा तिचा अर्थ. मास्तर ती सोडून थेट पुढच्या ओळीवर जायचे. मी पहिला शब्द देऊन पाहिला, सोबत म्हणून पाहिलं. ते ओठ मिटून भिंतीकडे बघत बसायचे. शेवटी डॉक्टरांना फोन केला.

"सर, एकच ओळ मिसिंग आहे."

"मेमरीचं असेल. ड्रिल वाढवा."

वाढवलं. तिसऱ्या आठवड्यात रूथबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"मॅडम, काऊन त्याहीले छळून राह्यल्या? ते इसरले नाईत. अकरा वर्षं झाले, ते वळ म्हनतच नाईत."

मास्तरांची एकुलती मुलगी, एस्तेर. परीक्षेला जायचं म्हणून धाकट्या काकाच्या, दानिएलच्या, मोटरसायकलवर बसली. दानिएल प्यायलेला होता. तो वाचला, ती गेली. तेव्हापासून मास्तरांनी भावाला उंबरा चढू दिला नाही, आणि चर्चमध्ये सगळे ती ओळ म्हणत तेव्हा हे तोंड मिटून उभे राहत. ते भावालाही दिसायचं. तो मागच्या बाकावर असायचा. पुढे तो लोणारला राहायला गेला.

"म्या इचारलं," रूथबाई म्हणाल्या, "तर म्हने, देवाजवळ खोटं कसं बोलू? मी माफ केलं नाई, मंग मले माफ कर असं कोन्या तोंडानं मागू?"

म्हणजे या माणसाने खोटं बोलायला नको म्हणून अकरा वर्षं देवाची दयाही मागितली नव्हती. आणि मी फुल्या मारत होते.

मी ओळीचा नाद सोडला. पण पुढच्या सोमवारी मास्तरांनीच डाव्या हाताने भिंतीवरच्या जुन्या घरच्या फोटोतल्या दानिएलकडे बोट केलं, मग स्वतःच्या तोंडाकडे. दोनदा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"दानिएलले बलावू?" रूथबाईंनी विचारलं. मान हलली. "ते वळ म्हनाची हाय त्याच्यापुढं?" मान जोरात हलली.

"आजच फोन करतो मी," रूथबाई उठल्याच.

"थांबा," मी म्हणाले. "आधी ओळ बसू द्या. दोन आठवडे द्या मला."

हे मी का म्हणाले? पेशंट भावापुढे अडखळू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे ती ओळ मला माझ्या हातून पूर्ण झालेली हवी होती.

दोन आठवड्यांत ती तुकड्या-तुकड्यांनी यायला लागली. मग दानिएल आला. पिकलेले केस, हातात टोपी, दाराशीच टेकलेला.

"दादा, आलो मी."

मास्तरांनी तोंड उघडलं, मिटलं. मी हळूच सांगितलं, "सुरुवातीपासून घ्या, ओघात येईल."

माझी चूक ती इथे. ओघ जुन्याच वाटेने जातो. मास्तरांनी प्रार्थना धरली, भाकरीपर्यंत आले, आणि अकरा वर्षांच्या सवयीने जिभेने ती ओळ ओलांडली. अगदी स्पष्ट, न अडखळता. स्ट्रोकनंतर इतकं स्वच्छ ते कधीच बोलले नव्हते.

दानिएलने टोपी डोक्यावर घातली. "समजलं मले, दादा," म्हणाला आणि वळला.

मास्तरांचा डावा हात वर उठला होता, त्याच्याकडे. पण दानिएलची पाठ होती. आणि मी काय करत होते? मास्तरांना म्हणत होते, "पुन्हा एकदा, मास्तर, पुन्हा एकदा."

रूथबाई मागे धावल्या. मी त्याच संध्याकाळी फोनवर त्याला अफेजिया समजावून सांगितला, ऑटोमॅटिक स्पीचही सांगितलं. "मॅडम, मी सोताच्या कानानं आयकलं ना," एवढंच तो म्हणाला. मग त्याने फोन उचलला नाही.

नवव्या दिवशी दुसरा स्ट्रोक आला. मास्तर गेले. मातीला दानिएल आला, पण कब्रस्तानाच्या फाटकाच्या आत आला नाही.

रूथबाईंनी मला विचारलं, "त्याहीच्या मनात व्हतं, तोंडात आलं नाई. देव ते धरन का, मॅडम?"

फाइल बंद करताना शेवटच्या पानावर प्रगती लिहावी लागते. "वाक्य पूर्ण: सत्तर टक्के," मी लिहिलं.

आता कोणी पेशंट कुणाकडे बोट दाखवतो, तेव्हा मी ड्रिल थांबवते आणि त्या माणसाला बोलावून घेते. आल्यावर त्याचा हात पेशंटच्या चांगल्या हातात देते. शब्दांचं नंतर बघते.