कॅमेऱ्यासमोर धरलेली पत्रिका

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. चोरामुळे नव्हे. चोर त्याचं काम करून गेला. डोकं तापतं ते त्या इमारतीतल्या शिकल्यासवरल्या माणसांमुळे. मी पोलीस खात्यात शिपाई म्हणून लागले, परीक्षा देत देत अधिकारी झाले. खून पाहिले, दंगली पाहिल्या. पण एका साध्या घरफोडीत एवढं खोटं, आणि तेही इतक्या सभ्य आवाजात, मी दुसरीकडे कुठे ऐकलं नाही. नावं कोणाचीच सांगणार नाही. त्यातली बरीच मंडळी अजून बाजारात भेटतात आणि मला बघितलं की भाजी निवडण्यात एकदम गुंगतात.

माझ्या निवृत्तीच्या आधीचा उन्हाळा. जळगावचा उन्हाळा म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. इमारत जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही. ती बांधली तेव्हा फाटकाला कुलूप लागतं हेच कोणाच्या मनात आलं नसेल. सोसायटीचे अध्यक्ष, त्यांना सगळे नाना म्हणत, ते पुण्याला मुलाकडे राहून आले आणि व्हिडिओ इंटरकॉमचं खूळ घेऊन आले. खाली फाटकाशी कॅमेऱ्याचा डबा, त्यावर प्रत्येक घराचं बटण. वर प्रत्येकाच्या बैठकीत पडदा. खाली बटण दाबलं की वर चिमणी चिवचिवते, पडद्यावर माणूस दिसतो, आपण वरूनच कळ दाबायची की खाली खटका पडून फाटक उघडतं. घरच्यांना निळा टॅग. तो डब्याला टेकवला की झालं, ना फोटो ना विचारपूस.

कल्पना चांगली हो. पण नव्या इमारतीत वायरींसाठी भिंतीतून नळ्या आधीच टाकलेल्या असतात. इथे भिंतीत जुन्या बेलची एकच वायर, तीही उंदरांनी कुरतडलेली. मग जिन्याच्या कडेने पट्ट्या ठोकल्या. वायरी कोणाच्या खिडकीतून गेल्या, कोणाच्या मोरीच्या भोकातून. फाटक कललेलं, त्याला नवं कुलूप बसेना, म्हणून वेल्डिंगवाल्याने लोखंडी पट्टी डकवली. आणि वीज गेली की डब्यातलं घड्याळ परत रात्रीचे बारा वाजवून कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन बसायचं. ते नीट कोणी लावायचं यावर सोसायटीची बैठक झाली, चहा झाला, घड्याळ तसंच राहिलं.

हे सगळं बसलं आणि म्हाताऱ्या वॉचमनला घरी पाठवलं. वर नानांनी जिन्यात नियमाचा कागद चिकटवला: अनोळखी माणसाला जो दार उघडेल, चोरी झाल्यास जबाबदारी त्याची.

पुढचा सगळा घोळ त्या नियमाने घातला.

महिन्याभरात चोरी झाली. तिसऱ्या मजल्यावरचं कुटुंब साखरपुड्याला शिरपूरला गेलं होतं. संध्याकाळी परत येऊन बघतात तर कोयंडा उचकटलेला, कपाट उघडं. बाकी फुटकळ गेलं, पण त्या घरच्या वहिनींकडची, त्यांच्या सासूबाईंची सोन्याची पोत गेली. ती त्यांनी लेकीच्या लग्नासाठी जपून ठेवली होती. फिर्याद घेतली, पंचनामा केला, ठसेवाले येऊन गेले. शेजाऱ्यांनी काहीच ऐकलं नव्हतं, आणि त्यावर माझा विश्वास बसला. मे महिन्यातल्या दुपारी प्रत्येक घरात कूलर घरघरत असतो. बाजूला कोणी पहार मारली तरी ऐकू येणार नाही.

मग नानांनी मला खुर्चीवर बसवून तपास शिकवला.

"मॅडम, सोपं आहे. आम्ही कोणीच दार उघडलेलं नाही. मी प्रत्येकाला विचारलं. म्हणजे दार टॅगने उघडलं. आता बाहेरच्या माणसात टॅग कोणाकडे? कामवालीकडे. तिने आपला माणूस आत घेतला. तिला आत घ्या, दोन दिवसांत पोत बाहेर येते."

"नाना, तुम्ही प्रत्येकाला काय विचारलं?"

"हेच, की नियम मोडून दार कोणी उघडलं?"

"आणि कोणी हो म्हटलं असतं तर?"

"तर भरपाई त्याच्याकडून घेतली असती!"

मी कपाळाला हात लावला.

ती बाई त्या इमारतीत चार घरी धुणंभांडी करायची. चोरी झाली त्याच संध्याकाळी चारही घरांनी तिला बंद केलं आणि नानांनी खाली फाटकाशी उतरून, तोंडावर चोर म्हणत तिचा टॅग काढून घेतला. गल्लीतल्या दुसऱ्या इमारतीतही लगेच बातमी गेली. तिथलंही काम गेलं. कामवालीजवळ तिचं नाव सोडून दुसरं काय असतं? ते नाव एका संध्याकाळी गेलं.

मी तिला दिवसाउजेडी ठाण्यात बोलावलं, महिला कक्षात बसवलं, पाणी दिलं. प्रश्न उलटेसुलटे करून विचारले, उत्तरं बदलली नाहीत. दुपारी कुठे होतीस? घरी, पापड वाळत घातले होते, राखत बसले होते. टॅग कोणाला दिला होता? कोणालाच नाही. शेवटी ती अहिराणीत म्हणाली, "ताई, बठ्ठा माले चोर म्हनतस. मन्हं नाव खराब व्हयनं." बठ्ठा, म्हणजे सगळेच.

उठून दारापर्यंत गेली आणि वळून विचारलं, "त्या वहिनीनी पोत सापडनी का?"

इतक्या वर्षांत माझ्यासमोर बसलेल्या माणसांत खरे चोर जाताना एकच विचारत: मी जाऊ का? पोतीची चौकशी हिने केली. हा काही पुरावा नव्हे, कोर्टात चालत नाही. पण माझ्या मनात ती तेव्हाच सुटली.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या लँडलाइनवर निनावी खबर आली. ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला. तोंडावर रुमाल धरल्यासारखा आवाज: "त्या कामवालीचा भाऊ जेलमध्ये जाऊन आलेला आहे. तपास करा." मी विचारलं, कोणत्या गुन्ह्यात? तेवढ्यात पलीकडे चिमणी चिवचिवली आणि आवाज म्हणाला, "एक मिनिट हं, खाली कोणी तरी आलंय."

मी म्हटलं, "नाना, बघून या. मी थांबते."

फोन कट.

तरी खबर म्हणून तपासली. तिचा भाऊ एरंडोलला गवंडीकाम करतो, ठाण्याची पायरी चढलेला नाही. असा वेळ जातो आमचा, आणि पेपरात येतं की पोलीस ढिम्म आहेत.

मग मी तो डबाच बघायला घेतला. बटण दाबलं की तो एक फोटो काढून ठेवतो. पण कोणाचं बटण दाबलं, वरून कोणी उघडलं, याची काही नोंद नाही. स्वस्तातलं मॉडेल. फोटोंवर वेळ रात्री बाराची. बरं, निदान क्रमाने तरी होते. जीभ काढून दाखवणारी पोरं, कुरिअरवाला, मग एक लग्नपत्रिका, मग संध्याकाळचा दूधवाला. कुरिअरवाल्याला विचारलं, तो जेवणं आटोपल्यावर आला होता. म्हणजे पत्रिका दुपारच्या सुनसान वेळेतली.

आता हा फोटो नानांनी पाहिला होता, समितीने पाहिला होता, माझ्या हवालदारानेही पाहिला होता. सगळं चित्रभर पत्रिका. गणपती, शेंदरी काठ, हळदीकुंकवाचं बोट. धरणाऱ्याचा चेहरा तिच्या मागे.

"हे काय?" मी विचारलं.

"काही नाही हो मॅडम, पत्रिका वाटणारे असतील. लग्नसराई आहे," नाना म्हणाले.

आपल्याकडे उन्हातान्हात पत्रिका घेऊन आलेल्या माणसाला दारातून परत पाठवत नाहीत. कोणाकडचा, ते नंतर विचारायचं. आधी या, बसा, पाणी घ्या. ही रीत इतकी अंगात मुरलेली, की कॅमेऱ्यासमोर माणसाऐवजी पत्रिका दिसली तरी कोणाला काही वावगं वाटलं नाही.

मी घरोघर गेले. दार कोणी उघडलं, हा प्रश्न मी विचारलाच नाही. त्याचं उत्तर जिन्यातल्या कागदाने आधीच देऊन टाकलं होतं. मी फक्त विचारलं, "त्या दिवशी तुमच्याकडे पत्रिका कोणाची आली?"

आमच्याकडे नाही. आमच्याकडेही नाही. आमच्याकडे परवा आली, त्या दिवशी नाही. पत्रिका फाटकातून आत शिरली आणि एकाही घरी पोचली नाही! मग ती गेली कुठे?

दुसऱ्या मजल्यावर एक अक्का एकट्या राहत. मुलं पुण्याला. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "नाही आली हो. मी आपली वाट बघत बसले."

बोलल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. मी वही मिटून मांडीवर ठेवली. चौकशीत एवढं तरी शिकले होते, की समोरच्याला बोलायचं असतं तेव्हा आपण गप्प बसावं.

"चहासुद्धा ठेवला होता," अक्का म्हणाल्या. "तो म्हणाला, अक्का, पत्रिका द्यायची होती. मी म्हटलं, ये बाबा, ये. मॅडम, हे गेले तेव्हापासून माझ्या नावाने पत्रिका येतच नाही. मुलांना मोबाइलवर पाठवतात लोक. मला इतकं बरं वाटलं! कोणाकडची ते विचारायचंसुद्धा राहिलं. चहा उकळून उकळून काळा झाला, तो काही आला नाही. वाटलं, आधी वरच्यांकडे गेला असेल."

"मग सांगितलं का नाही?"

"नाना मुलांना फोन करतील. मुलं म्हणतील, आई, आता तुला जमत नाही, फ्लॅट विकून टाक आणि चल इकडे." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "रोज वाटायचं, आज सांगते, उद्या सांगते. ती पोर माझ्याकडेही भांडी घासायची. तिला काढताना मी आत जाऊन बसले."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण तो राग अक्कांवर पुरा होईना, अर्धा जिन्यातल्या कागदाकडे वळला. त्यांचा जबाब घेतला. आवाज तरुण, बोली इकडचीच, पायात बूट वाजत होते. एवढंच हाती लागलं.

तेवढंही पुरलं. पत्रिकेचा फोटो मी शेजारच्या जिल्ह्यात पाठवला, आणि धुळ्याहून फोन आला: "मॅडम, हाच गणपती आमच्याकडेही आहे." तिथल्याही एका जुन्या इमारतीत नवा डबा, तीच पत्रिका, तशीच चोरी. मग धुळ्याच्या सहकाऱ्यांनी असे डबे बसवलेल्या इमारती गाठून बायकांना सांगून ठेवलं: पत्रिका दिसली तर गोड बोला, कळ दाबू नका, आम्हाला फोन करा.

पकडला तो असा. एका बाईने वरून "आले हं भाऊ, किल्ली शोधते" म्हणत त्याला फाटकाशी धरून ठेवलं. आणि हा पठ्ठ्या पत्रिका तोंडापुढे धरून उभा! मागून पोलीस चालत आला, खांद्यावर हात ठेवला, तोवर याला पत्ताच नाही. समोर पत्रिका, दिसणार काय?

ताबा घेऊन त्याला जळगावला आणला. माझ्यासमोर बसून तोंड वर करून म्हणतो, "मॅडम, मी खरंच पत्रिका वाटत होतो. मावसभावाचं लग्न आहे."

मी आवाज चढवला नाही. लग्नघरी कुठलीही म्हातारी विचारते तेच विचारलं.

"अरे वा! मग नवरदेवाच्या आईचं माहेर कोणतं?"

तो गडबडला. "ते... घरी विचारून सांगतो."

"मावसभाऊ ना तुझा? त्याच्या आईचं माहेर म्हणजे तुझ्या आईचं माहेर. स्वतःचं आजोळ घरी विचारून सांगतोस?"

माझा हवालदार हसत हसत बाहेर गेला. मग पोरगं बोलायला लागलं. मंगल कार्यालयात वाढप्याचं काम करताना पत्रिका उचलली होती. वरून एकदा कळ दाबली की आत कोण आलं हे बघायला कोणी येत नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पोत त्याच्या खोलीतल्या कूलरच्या वाळ्याच्या जाळीमागे मिळाली, अखंड. मुद्देमाल जप्त केला, वहिनींनी ओळखली आणि रडल्या.

माझ्या कागदांपुरती केस तिथे संपली. पण त्या कामवालीचं काय?

मी नानांना स्पष्ट सांगितलं, तिला बोलवा आणि तिचा दोष नव्हता हे चारचौघांत सांगा. त्यांनी निरोप धाडला. मीही मुद्दाम गेले. दुपारची वेळ, ऊन नुसतं पेटलेलं. ती फाटकाशी येऊन उभी राहिली, बटण दाबलं नाही. नानांनी मला वरून पाहिलं असावं. डब्यातून आवाज आला, "या, या! झालं गेलं विसरा. दार उघडलंय." खटका पडला. ती हलली नाही. परत खटका पडला. तरी नाही.

"नाना," ती डब्याकडे न बघता वरच्या खिडकीकडे बघून म्हणाली, "माले चोर म्हनाकरता खाली उना व्हतात ना? आते बी खाली या."

खिडक्यांतून डोकी बाहेर आली. नाना धोतराचा सोगा सावरत, घाम पुसत जिना उतरले. त्यांच्या आधी मात्र अक्का उतरल्या, गुडघ्यांवर हात ठेवत, एकेक पायरी. त्यांनी स्वतःच्या हाताने फाटक ओढलं आणि म्हणाल्या, "दार मी उघडलं होतं गं. तू नव्हतीस. मला तेव्हाच सांगायला हवं होतं." सगळ्या इमारतीने ऐकलं. नानांनी घसा खाकरला आणि "चुकलं आमचं" एवढं पुटपुटले. जिन्यातला कागद त्यांनी स्वतः फाडला नाही. तो मी फाडला. अधिकार नव्हता मला, पण फाडला.

बाईने चार घरांतलं एकच घर परत धरलं, अक्कांचं. बाकीच्यांना म्हणाली, दुसरी बघा.

आता माझ्याच सोसायटीत तो डबा बसवायचं चाललंय. माझा काही विरोध नाही, खुशाल बसवा. उन्हात गुडघे धरून खाली जाणं मलाही जमत नाही. पण बैठकीत मी एक गोष्ट सांगून आले. जबाबदारी कोणाची हे आधीच भिंतीवर लिहून ठेवलंत, की खरं सांगणारं माणूस त्या घरात उरत नाही. मग आळ एखाद्या बिनआवाजाच्या बाईवर जाऊन बसतो, आणि तो उतरवायला पोलिसालाही महिना लागतो. डब्यातला फोटो तपासायच्या आधी एकमेकांना नीट विचारा. आणि दारात पत्रिका घेऊन कोणी आलं, तर चहा जरूर ठेवा. फक्त चहा उकळेपर्यंत तो कोणाकडचा ते विचारून घ्या.