मडगार्डवरचं नाव

त्या वर्षीच्या पोळ्याचा आदला दिवस. अंगणात वडील म्हणजे नाना, ट्रॅक्टर नव्याने रंगवायच्या कामांची यादी घेऊन मी आणि वाळूच्या फवाऱ्याने रंग काढणारा धुळ्याचा कारागीर. आज थिनरचा वास आला आणि मी पुन्हा तिथेच पोचले. छोट्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर नानांनी आमच्या शेवटच्या बैलाचं नाव लिहिलं होतं, शिंगं रंगवून उरलेल्या रंगाने.

“तितलं ऱ्हाऊ दे, माय,” नाना मला म्हणाले.

“नाना, यादीत बठ्ठा रंग काढानं लिखेल शे.” मी ‘सगळा रंग काढणे’ या ओळीवर बोट ठेवलं.

“तुनी यादीले काय समजस?”

मी कारागिराला खूण केली. ‘राजा’ क्षणात गेला. काम वेळेत झालं म्हणून मी खूश होते.

आता नाना नाहीत. सकाळपासून तीनदा ब्रश उचलून ठेवला. त्यांचा ‘ज’ कसा वळायचा, आठवत नाही. माझ्या आजच्या यादीत एकच ओळ उरली आहे: मडगार्डवर नाव लिहिणे.